रेड टेलबरोबर कोण राहील? तीन फुटी टाकीचा हिशोब

सुट्टीत सवला घरी आले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुझी पीएचडी माशांवर आहे ना? मग सांग, रेड टेलबरोबर दुसरे कुठले मासे ठेवू?" विचारणारा बहुतेक वेळा बारावी किंवा आयटीआयचा मुलगा असतो. महाडच्या एखाद्या दुकानातून किंवा पनवेल-मुंबईहून पिशवीत घालून बोटाएवढं पिल्लू आणलेलं असतं, आणि घरी तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी असते. पिल्लू दिसायला झकास असतं यात वाद नाही. काळी पाठ, पांढरा पट्टा, शेपटी लालभडक आणि मिश्या अंगाच्या मानाने एवढ्या लांब की हसू येतं.

छोटं उत्तर असं, की त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे मासे ठेवा. पण हे उत्तर दर महिन्याला बदलतं. ते का बदलतं आणि कुठपर्यंत बदलत जातं, ते या लेखात सांगते.

आधी ओळख करून घेऊ. आपल्या दुकानांत मिळणारे मोठे कॅटफिश साधारण चार प्रकारचे. रेड टेल आणि टायगर शॉव्हेलनोज हे दोघे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन-ओरिनोकोसारख्या नद्यांचे. रेड टेल सव्वा मीटरच्या पुढे जातो आणि त्याचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरल्याच्या नोंदी आहेत. दुकानात 'शार्क' म्हणून जो विकतात, त्याचा शार्कशी काही संबंध नाही. तो पंगासिअस, आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला. हॉटेलात 'बासा' या नावाने जे फिले येतात, ते बहुतेक याचेच. हाही मीटरभर आरामात होतो. चौथा म्हणजे 'टाकी साफ करणारा' सकर. हा शिकारी नाही, शेवाळ खरवडून खातो, पण दीड फुटापर्यंत वाढतो आणि पुढे त्याच्याबद्दल बोलावंच लागणार आहे.

आपल्याला कॅटफिश नवीन नाहीत. नदीतला शिवडा याच गटातला आणि तोही पट्टीचा शिकारी. खाडीतली शिंगाळीही त्यातलीच. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे शेतात चढतात तेव्हा शिंगटीचा काटा ज्याला लागलाय त्याला हा गट वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आता वाढीचं गणित. पिल्लू पाच सेंटिमीटरचं आहे असं धरा. नीट खायला मिळालं तर रेड टेल पहिल्या वर्षातच फूट-दीड फूट होतो. समजा तो पन्नास सेंटिमीटर झाला. लांबी दहापट झाली, म्हणून मासा दहापट मोठा झाला असं आपल्याला वाटतं. पण मासा फक्त लांब होत नाही, रुंद होतो आणि जाडही होतो. दहा गुणिले दहा गुणिले दहा. वजन हजारपट. दोन ग्रॅमचं पिल्लू दोन किलोचा मासा झाला. त्याची भूक आणि श्वास मात्र हजारपट वाढत नाहीत, कारण मोठ्या प्राण्याला किलोमागे कमी ऊर्जा लागते. ढोबळ नियमाने हिशोब केला तर ती अडीचशेपटीच्या घरात जाते. म्हणजे टाकीत तुम्ही एक पिल्लू सोडलं होतं आणि आता त्याच पाण्यात अडीचशे पिल्लांएवढा खाणारा, श्वास घेणारा जीव आहे. टाकी तेवढीच आहे.

इथे लगेच कुणीतरी म्हणतं, "पण मासा टाकीच्या मापाने वाढतो ना?" दुकानदारही हेच सांगतात. हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते इतकं टिकलंय. लहान टाकीत काही मासे खुरटतात हे खरं. पण टाकी बघून मासा स्वतःला आवरतो असं काही घडत नाही. खराब पाणी, अपुरा प्राणवायू, सततचा ताण यांनी वाढ खुंटते. कुपोषित मुलाची उंची कमी राहिली तर आपण 'घर लहान होतं म्हणून मूल लहान राहिलं' असं म्हणत नाही. आणि रेड टेल खुरटला तरी किती? एक फूट रुंदीच्या टाकीत दीड फुटाच्या माशाला वळताही येत नाही. कण्याला बाक आलेले, नाकाड घासून सोललेले असे मासे मी पाहिलेत. मालकांचं त्यांच्यावर प्रेम होतं, हेही सांगते.

तोंड नावाचा पंप

कॅटफिश चावून खात नाही. त्याच्या जबड्यावर बारीक दातांचे खरखरीत पट्टे असतात, पॉलिश पेपरसारखे. ते भक्ष्य धरायला असतात, तोडायला नाही. शिकार करताना तो तोंड झटकन उघडतो आणि त्याच क्षणी घशाचा तळ खाली ओढतो. आतली पोकळी एकदम मोठी होते, दाब कमी होतो आणि समोरचं पाणी माशासकट आत ओढलं जातं. इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढल्यासारखं. सेकंदाच्या छोट्याशा अंशात काम संपतं. म्हणून सकाळी टाकीत ना रक्त दिसतं, ना खवले. फक्त मोली कमी झालेल्या असतात आणि आपल्याला वाटतं उडी मारून बाहेर पडल्या की काय.

रुंद, सपाट डोकं आणि ताणलं जाणारं पोट यामुळे तो स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही गिळू शकतो. म्हणून 'तोंडात मावणार नाही' याचा अर्थ 'जरासा मोठा' असा होत नाही. पाच महिन्यांपूर्वी ज्या ऑस्करला तो घाबरत होता, तोच ऑस्कर आता घास असतो. आणि दुसरा मासा काटेरी असेल तर गोष्ट आणखी बिघडते. छोट्या कॅटफिशच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा उभा राहिला की सांध्यात अडकून पक्का होतो, दाबून खाली जात नाही. मोठ्याने लहान शिंगटी गिळली तर ती घशात अडकते आणि कधी कधी दोघेही मरतात. रेड टेल तर खडी, फिल्टरचा स्पंज, हीटरची सक्शन कप असं काहीबाही गिळण्यासाठी प्रसिद्धच आहे.

"दिवसा तर शांत असतो, कोपऱ्यात पडून राहतो." हो, कारण त्याची पाळी रात्रीची. अंधारात त्याला डोळ्यांची गरजही फारशी नसते. कॅटफिशच्या मिश्यांवर आणि पुष्कळ जातींत सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. अमेरिकेतल्या बुलहेड कॅटफिशच्या अंगावर त्या लाखाच्या वर मोजल्या गेल्यात. तो मासा म्हणजे पोहणारी जीभच आहे. पण मला सगळ्यात आवडणारा प्रयोग युरोपातल्या वेल्स कॅटफिशवरचा आहे. 2001 साली पोलमन, ग्रासो आणि ब्राइटहाउप्ट या तिघांनी तो प्रसिद्ध केला. पूर्ण अंधारात टाकीत एक वेल्स आणि एक गप्पी सोडला, आणि माशांना न दिसणाऱ्या प्रकाशात चित्रण केलं. गप्पी पोहत गेला की मागे पाण्यात हलकीशी खळबळ आणि वास उरतो, जशी होडीमागे रेघ राहते. वेल्सने त्या अदृश्य वाटेचा वळणं-चढउतारांसकट माग काढला आणि गप्पीला गाठलं. माग दहा सेकंदांपर्यंत जुना असला तरी त्याला पुरत होता.

हा प्रयोग तीन फुटी टाकीत आणून बघा. तिथे गप्पी दहा सेकंदांत जाऊन जाऊन कुठे जाणार? टाकीतल्या पाण्याचा कण नि कण त्याच्या ताज्या मागाने भरलेला असतो. नदीत भक्ष्याला अंतर मिळतं, प्रवाह माग पुसून टाकतो. टाकीत दोन्ही नाही. दगड-झाडं लावून 'लपायला जागा' केली की भागतं, हा समज डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशांपुरता थोडाफार खरा आहे. यांच्यापुढे तो चालत नाही.

पाण्याचा हिशोब

समजा तुमचा रेड टेल एकटाच आहे. तरी टाकी पुरेल का? तीन घनफुटांची टाकी म्हणजे 85 लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण 75 लिटर. दोन किलोच्या माशाला दिवसाला वजनाच्या फक्त एक टक्का, म्हणजे 20 ग्रॅम कोरडं खाद्य घातलं, आणि त्यात 45 टक्के प्रथिनं आहेत असं धरू. प्रथिनांमधल्या नायट्रोजनचा बराचसा भाग मासा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. मत्स्यशेतीत वापरतात त्या सूत्राने तो दिवसाला साधारण 830 मिलिग्रॅम भरतो. 75 लिटरमध्ये भागलं तर लिटरमागे अकरा मिलिग्रॅम. रोज.

चांगल्या टाकीत हा आकडा शून्याजवळ असायला हवा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात म्हणून मासे जगतात. (दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर करतो असं आपण पुस्तकात वाचतो. टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवलं की मत्स्यालयात हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा नावाचे वेगळेच जिवाणू करतात. परीक्षेत मात्र अजून नायट्रोबॅक्टरच लिहा.) एवढा भार रोज पेलणारा फिल्टर त्या टाकीवर बसवला तरी नायट्रेट साचतंच, आणि ते काढायला पाणीच बदलावं लागतं. शिवाय अमोनिया किती घातक ठरेल हे पीएचवर अवलंबून असतं. पाणी साताच्या पीएचला असेल तर त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच भाग सहा टक्क्यांच्या पुढे जातो. तेच पाणी, तेवढाच अमोनिया आणि विष जवळजवळ दहापट.

आणि आता आपल्याकडची खास अडचण. जुलैत महाड-पोलादपूरकडे लाइट गेली की ती कधी येईल हे महावितरणलाही सांगता येत नाही. एअर पंप बंद, फिल्टर बंद. 25-26 अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे 75 लिटरमध्ये 600 मिलिग्रॅम. दोन किलोचा मासा स्वस्थ पडून राहिला तरी तासाला साधारण 200 मिलिग्रॅम वापरतो. लिटरमागे तीनच्या खाली गेलं की जीव कासावीस होतो. पृष्ठभागातून थोडी हवा विरघळते खरी, पण ढवळणारं काही नसेल तर ती भर तुटपुंजी. दोन-तीन तासांत मासा वर येऊन तोंड उघडू लागतो. पंगासिअस अशा वेळी वर येऊन थेट हवा घेऊ शकतो, रेड टेलला ती सोय नाही. सोबतचे उरलेसुरले मासे बहुधा त्याच्या आधी जातात.

मग मोठी टाकी बांधू? बांधा, पण मापं बघा. सव्वा मीटरच्या माशाला वळायला दोन मीटर रुंदी आणि पोहायला निदान तीन मीटर लांबी धरली, खोली एक मीटर, तर सहा हजार लिटर होतात. सहा टन पाणी. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो चलभार धरून डिझाइन करतात आणि मीटरभर पाण्याचं वजन चौरस मीटरला 1000 किलो होतं. म्हणजे ही टाकी वरच्या मजल्यावर नाही, जमिनीवरच हवी. आणि मासा पंधरा वर्षांहून जास्त जगतो. बारावीच्या मुलाने आणलेलं पिल्लू त्याच्या लग्नालाही घरात असेल.

टाकीबाहेर

आता ज्या कारणासाठी मी हा लेख खरं तर लिहायला घेतला ते. मासा टाकीत मावेनासा झाला की घरात चर्चा होते. मारवत नाही, विकला जात नाही, दुकानदार परत घेत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "नदीत सोडून देऊ, जगेल बिचारा." भावना चांगली असते, त्यामुळे विरोध करणं अवघड जातं.

युरोपात असा मासा सोडला तर हिवाळा त्याचा निकाल लावतो. कोकणात पाणी तेवढं थंड होतच नाही. ॲमेझॉनच्या माशाला आपली नदी परकी वाटायचं कारण नाही. ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला, त्यानंतर चालकुडी नदीत अरापैमा सापडले. तेही ॲमेझॉनचे, कुणाकुणाच्या तळ्यांतून पुराबरोबर बाहेर पडलेले. 2020 मध्ये वाराणसीला गंगेत सकर मिळाला. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार निघाला. आपल्याकडे उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतात. खवल्यांच्या जागी हाडांची कवचं असल्यामुळे ते जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. आफ्रिकन मांगूरवर तर 2000 सालापासून देशात बंदी आहे. तरी तो चोरून पाळला जातो आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला साठेच्या साठे नष्ट करावे लागलेत.

या गोष्टी महाडपासून लांबच्या वाटतील. 22 जुलै 2021 आठवा. सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं आणि तळमजलेच्या तळमजले बुडाले. अशा रात्री दिवाणखान्यातली काचेची टाकी आणि नदी यांच्यात काहीच उरत नाही. मालकाने सोडायचं ठरवावं लागत नाही, पूर सोडतो. सव, दासगाव, महाडच्या सखल भागात राहणाऱ्या कुणीही टाकी घेताना हे धरूनच चालावं की यातला मासा एक दिवस सावित्रीत जाऊ शकतो.

एक रेड टेल नदीत गेला तर तिथे त्याची फौज तयार होईल का? बहुधा नाही. त्याला जोडीदार लागतो, मूळच्या प्रदेशात तो लांबच्या नद्यांत अंडी घालतो आणि दुकानातली पिल्लं शेततळ्यांत संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन काढलेली असतात. अतिशयोक्ती करून कुणाला घाबरवण्यात अर्थ नाही. सकरचं तसं नाही. तो काठात बिळं करून अंडी घालतो, थोडीफार हवाही घेतो, आणि संख्या वाढली की काठ ढासळू लागतात. 'निरुपद्रवी साफसफाईवाला' म्हणून विकला जाणारा हा मासा मला नदीसाठी रेड टेलहून जास्त धोक्याचा वाटतो.

पण एकट्या शिकाऱ्यानेही नुकसान होतं आणि ते आपल्या नद्यांच्या स्वभावामुळे. पावसाळ्यात सावित्री आणि तिला मिळणाऱ्या नद्या कशा असतात ते बघा, आणि मग एप्रिलमध्ये पोलादपूरच्या बाजूला जाऊन बघा. धार तुटलेली असते. पाणी डोहांत आणि कोंडींत उरतं आणि मैलभर नदीतले मासे त्या एवढ्याशा पाण्यात गोळा होतात. पुढच्या पावसात वलगणीला चढणारं सगळं बियाणं तिथेच जीव धरून असतं. म्हणजे उन्हाळ्यातला डोह ही एक टाकीच आहे. काच नाही इतकंच. तिथे रात्री माग काढणारा, पाण्यासकट भक्ष्य ओढून घेणारा एक मोठा मासा दोन महिने बसला तर काय उरेल, ते तुमच्या मोलींनी दाखवलेलंच आहे.

आपल्या शिवड्यानेही हेच केलं असतं, नाही का? केलं असतं, आणि करतोही. पण इथले मासे शिवड्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिलेत आणि शिवडा इथल्याच नदीच्या मापाचा आहे. त्याच्या जोडीला आणखी एक मोठं तोंड डोहात आलं तर त्याचा वाटा कुणाच्या तरी ताटातून जातो. उन्हाळ्यात याच डोहांतल्या माशांवर कातकरी वाड्यांची कालवणं होतात.

काळ नदीवरची वाळणकोंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वरदायिनी देवीचे म्हणून तिथले मासे कुणी धरत नाही, लोक त्यांना चुरमुरे घालतात, आणि म्हणून तिथले महसीर हातभर अंतरावर येतात. माणसाला न घाबरणारे मासे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरलेत. असल्या कोंडीत कुणी पुण्य म्हणून टाकीतला 'शार्क' सोडला तर तो देवीचा मासा होत नाही. शिवाय टाकीतल्या माशाबरोबर जंतू आणि परजीवीही जातात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

ज्यांच्याकडे मासा आधीच आहे त्यांनी काय करावं? सोबतचे लहान मासे आजच वेगळे करा. खाद्य कमी करा. मोठ्या माशाला रोज खायला लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. जिवंत गोल्डफिश घालायचे बंद करा. त्यांच्यात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि सतत तेच खाणाऱ्या माशाला त्याची कमतरता होते. कोंबडीची चरबी-कातडीही नको. लाइट जाते त्या दिवसांसाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. लाइट गेली की खाद्य बंद, आणि पंप नसेल तर मगने पाणी उंचावरून ओतत राहा. दरम्यान जमिनीवर सिमेंटचा हौद असलेला कुणी पाळणारा शोधा, मात्र हौद पुराच्या रेषेच्या वर असावा. कुणीच मिळालं नाही तर पशुवैद्यांशी बोला. माशाला वेदना न होता मरण देण्याची रीत आहे, लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने भूल देऊन ते करतात. ऐकायला क्रूर वाटतं, मला माहीत आहे. पण नदीत सोडण्यापेक्षा ते बरं. आणि कालवण करायचा विचार असेल तर नको. टाकीत घातलेली बरीच औषधं, विशेषतः मॅलाकाइट ग्रीन, माशाच्या मांसात उतरतात.

ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही आणि मिश्यांचाच मासा हवा आहे, त्यांनी दुकानात कोरीडोरास मागा, दुकानदार त्याला 'कोरी' म्हणतो. जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर होतो, दिवसाही हिंडतो, टेट्रा-गप्पींना हात लावत नाही. एकटा आणू नका, सहाचा घोळका आणा, आणि तळाला टोकदार खडीऐवजी बारीक वाळू घाला, नाहीतर उकरून उकरून त्यांच्या मिश्या झिजतात. तीन फुटी टाकीत सहा कोरी आणि वर दहा-बारा टेट्रा निवांत मावतात.